पाचव्या भागातला मुडदा

माणूस मेल्यावर त्याच्याबद्दल वाईट बोलू नये, अशी आपल्याकडे रीत आहे. पण ती खरोखर मेलेल्यांपुरती. मच्छिंद्र सिनेमात मेला होता, आणि शिरूरपासून दौंडपर्यंतची रिकामटेकडी माणसं गेली तीन वर्षं त्याच्या त्या मरण्याला उठता-बसता शिव्या घालत होती. आपण ज्याला शिव्या घालतोय तो आपल्याच व्हॉट्सॲप ग्रुपात बसून रोज 'शुभ सकाळ' टाकतो, हे त्यांतल्या एकालाही माहीत नव्हतं. एवढीच काय ती देवाची कृपा.

आता मुळापासून सांगायला हवं, आणि मूळ फार भिकार आहे. 'गोणपाट्या' नावाची एक चित्रपटमालिका आहे. ज्यांनी पाहिली नाही त्यांनी देवापुढं साखर ठेवावी. एक धिप्पाड माणूस डोक्याला गोणपाट गुंडाळतो, डोळ्यांपुरती दोन भोकं पाडतो आणि ऊसतोडीचा कोयता घेऊन दिसेल त्याला तोडतो. का तोडतो, ते लेखकालाही शेवटपर्यंत कळलेलं नाही. पहिल्या भागाच्या शेवटी तो गुऱ्हाळाच्या उकळत्या काहिलीत पडून मरतो. शहाण्या निर्मात्यानं तिथंच नारळ फोडून घरी जायचं. पण दुसऱ्या भागात तो काहिलीतून वर आला. तिसऱ्यात त्याला पुन्हा मारला, तर दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही म्हणून परत आला. चौथ्यात त्याच्या अंगावरून मालगाडी गेली, आणि बिघडली ती मालगाडी. सहाव्यात त्याचं लग्न झालं. सातवा 'गोणपाट्या दुबईत'. दुबई म्हणजे भीमेच्या पात्रातली वाळू आणि भाड्यानं आणलेला एक आजारी उंट. आठव्यात तो सज्जन झाला, तेव्हा लोकांनी पडद्यावर चपला फेकल्या. नवव्यात सगळेच मेले, म्हणून मालिका थांबली. नऊ भाग! तोडलेल्या उसाच्या बुडख्यातनं पुन्हा पीक, म्हणजे खोडवा, तोसुद्धा माणसं दोनदा घेतात, फार तर तीनदा.

मधला पाचवा मी मुद्दाम गाळला. मच्छिंद्रही गाळायचा.

सत्तावीस वर्षांपूर्वी मच्छिंद्र चोवीस वर्षांचा होता आणि दौंड तालुक्यात मामाकडं गेला होता. मामाच्या उसात पाचव्या भागाचं शूटिंग चाललं होतं. तीन मुडदे हवे होते आणि गावात दोनच मिळाले होते. दिग्दर्शकानं बांधावर उभ्या असलेल्या मच्छिंद्रला हाक मारली, पाठीवर लाल रंग ओतला आणि उसाच्या वाळक्या पाल्यात, पाचटात, पालथा पाडून सांगितलं, "मेलायस तू. हलायचं नाही." आता उसाच्या फडात उघड्या अंगानं पालथं पडणं म्हणजे काय, हे पुण्या-मुंबईच्या माणसाला कळायचं नाही. पानावरची बारीक कूस टोचते. पाचट कापतं. त्यात खाली लाल मुंगळ्यांचं वारूळ. मच्छिंद्रनं दात-ओठ आवळून दम धरला. कॅमेरा पहिल्या मुडद्यावरून दुसऱ्यावर आला, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर आला, आणि तिसऱ्या मुडद्याचा डावा हात हळूच उठला, पाठीमागून उजव्या कमरेकडं गेला, अंगठ्यानं करकरून खाजवलं आणि पुन्हा जागेवर येऊन मेला. रीळ तेवढंच शिल्लक होतं. पुन्हा घेता आलं नाही. ते तसंच सिनेमात गेलं.

पाट्यांमध्ये मच्छिंद्रचं नाव नव्हतं. शेवटी 'आणि इतर' असं लिहिलं होतं, त्यातला इतर म्हणजे तो. पण पुढच्या वर्षी लग्नाचं बघताना मध्यस्थ मामांनी छाती फुगवून सांगितलं, "मुलानं सिनेमात काम केलंय." मुलीनं, म्हणजे सुषमानं, "कसलं काम?" म्हणून विचारलं, तेव्हा मच्छिंद्र म्हणाला होता, "छोटंच, पण कथेला वळण देणारं." पुढं तो विकास सोसायटीचा गटसचिव झाला, टक्कल पडलं, शिरूरला दोन खोल्यांचं घर झालं. आयुष्यात मिरवायला म्हणून जे काही होतं ते एवढंच. एक सिनेमा. घरात भांडण झालं की तो म्हणायचा, "आम्ही कलाक्षेत्रात असतो तर आज कुठं असतो!" सुषमा भांडी जरा जोरात आपटायची.

घात केला तो इंटरनेटनं. तीन वर्षांपूर्वी कुण्या भल्या माणसानं नऊच्या नऊ भाग फुकटात चढवले, आणि जिकडंतिकडं गोणपाट्याचे चाहते उगवले. चाहता म्हणजे असा माणूस, ज्याला घरचं दूध आणायला सांगितलं तर विसरतो, पण तिसऱ्या भागात एकूण किती मुंडकी उडाली ते झोपेत सांगतो. 'गोणपाट्याप्रेमी मंडळ, शिरूर-दौंड' असा ग्रुप निघाला. त्यात दोन तट. शिरूरचे पुढारी पोपटराव. पूर्वी व्हिडिओ पार्लर चालवायचे, आता मोबाइलचं दुकान. दौंडचे पुढारी संपतमामा. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त. कुठला भाग पहिल्या नंबरचा, यावर दोघांचं रोज वाजायचं.

"मामा, दुसरा भाग म्हंजी दुसरा भाग," पोपटराव म्हणायचे. "काहिलीतनं हात वर येतो ना, तवा माझ्या पार्लरात धा बाया किंचाळून भाईर पळाल्या व्हत्या. एकीची चप्पल अजून माझ्याकडं हाय."

"हात काय, कुनाचा बी वर येतो," संपतमामा म्हणायचे. "चौथ्यात आख्खी मालगाडी हाय, आन् ती बी खरी. हिरवा झेंडा मी स्वता दावलाय."

झेंडा दावलाय हे खरं होतं. सिनेमात झेंडा दिसतो, मामा दिसत नाहीत. पण तेवढ्या झेंड्यावर मामांनी दौंडात आठ सत्कार घेतले होते. मच्छिंद्र ते वाचायचा आणि गप्प बसायचा. कारण शिरूर आणि दौंड यांचं एकाच गोष्टीवर एकमत होतं: पाचवा भाग टाकाऊ, आणि तो टाकाऊ झाला त्या खाजवणाऱ्या मुडद्यामुळं. त्या मुडद्याला त्यांनी 'खाजऱ्या' असं नाव ठेवलं होतं. त्याच्या हाताचं स्टिकर केलं होतं. कुणी काही मूर्खासारखं बोललं की लगेच ते स्टिकर पडायचं. मच्छिंद्रच्या 'शुभ सकाळ'वरसुद्धा एकदा पडलं. स्वतःचाच हात, स्वतःचीच कंबर, आणि वर लिहिलंय 'काहीही!' त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

मग दिवाळीनंतर ठरलं की रोजची कटकट नको, एकदाच सभा घेऊन नऊ भागांची अंतिम क्रमवारी लावायची. आणि जो भाग नववा येईल त्याचं सभासदत्व रद्द करायचं. म्हणजे तो भाग मोजायचाच नाही. नव्या पोरांना सांगायचंसुद्धा नाही. ग्रुपच्या नियमावलीत लिहायचं, की मालिका आठ भागांची. नववा कोण येणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

मच्छिंद्रनं तो मेसेज दोनदा वाचला. आयुष्यात एक सिनेमा केला, तोही आता नव्हताच म्हणून ठरणार. त्याला पहिला नंबर नको होता. आठवा चालला असता. फक्त शेवटचा नको.

सभेला अध्यक्ष हवा होता, आणि तो तटस्थ हवा होता. तीन वर्षांत ग्रुपवर ज्यानं एकाही भागाबद्दल एक अक्षर काढलं नाही असा एकच माणूस निघाला. "सचिव!" पोपटराव दुकानातूनच ओरडले, "तुमाला समद्या भागांचा सारखाच कंटाळा. शिवाय प्रोसिडिंग लिव्हता. तुमीच बसा खुर्चीत." मच्छिंद्रनं दोनदा नाही म्हटलं, तिसऱ्यांदा उपरणं झटकून हो म्हटलं. खुर्चीत बसलं की पाचवा वाचवता येईल, हा त्याचा हिशेब. उंटावरचा शहाणा तो हाच.

"सोसायटीच्या सभेला जायचं म्हटलं की तुमचं डोकं दुखतं," सुषमा म्हणाली, "आन् ही मुडद्यांची सभा बरी हौसेनं?"

"सामाजिक जबाबदारी असते," मच्छिंद्र म्हणाला, आणि त्याचा डावा हात आपोआप पाठीमागं उजव्या कमरेकडं गेला. मनात काही लपवत असला की तिथंच खाज सुटायची. सुषमानं त्या हाताकडं बघितलं आणि ती आत गेली.

शेजारी म्हस्कूआबा राहायचे. ऐंशीच्या पुढचे. तरुणपणी मेंढरं घेऊन पार कोकणापर्यंत हिंडलेले, आयुष्यात एकही सिनेमा न पाहिलेले. म्हणून त्यांच्याकडं सल्ला फार पक्का मिळायचा. मच्छिंद्रनं आडून आडून विचारलं, "आबा, नऊ मेंढरं असली आणि शेवटचं कुठलं हे ठरवायचं असलं, आणि एकालाही शेवटचं म्हणायचं नसलं, तर?"

आबांनी तंबाखू मळत विचार केला. "मेंढरं वळाय लागली की शेवटचं त्येच म्होरं हुतं लेका," ते म्हणाले. "चालीत ठिव त्यास्नी. हुबं केलंस तरच म्होरलं-मागलं."

झालं! मच्छिंद्रच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आमच्याकडं सरपंचपद चारजणांना हवं असलं की काय करतात? सव्वा-सव्वा वर्ष वाटून घेतात. कुणी हरत नाही, कुणी पडत नाही, निवडणूक बिनविरोध. मग सिनेमांची का नाही? नऊ भाग, प्रत्येकाला एकेक महिना पहिला नंबर. शेवटचा कुणीच नाही! स्वतःच्या हुशारीवर मच्छिंद्र इतका खूश झाला, की त्यानं त्याच दिवशी अजेंडा लिहायला घेतला.

आणि तिथंच त्याचा सचिवी हात नडला. माणसानं सोसायटीत पंचवीस वर्षं अजेंडे लिहिले, की साधं 'सिनेमाबद्दल बोलू' असं त्याला लिहिताच येत नाही. त्यानं लिहिलं: 'विषय क्र. १: मागील सर्व खुनांचा आढावा घेणे. विषय क्र. २: दुसऱ्या भागातील सात खुनांना मान्यता देणे. विषय क्र. ३: उसाच्या फडातील मुडद्याबाबत अंतिम निर्णय घेणे. विषय क्र. ४: आयत्या वेळचे विषय.' खाली स्थळ, वेळ आणि सही. हा अजेंडा ग्रुपातून भावकीच्या ग्रुपात गेला, भावकीतून कुठं कुठं गेला, आणि तिसऱ्या दिवशी दारात हवालदार उभा.

"फडातला मुडदा कुणाचा?" हवालदारानं विचारलं.

मच्छिंद्रनं दाराची कडी उगाच खाली-वर केली. खरं उत्तर एका शब्दाचं होतं. पण ते बायकोसमोर देण्यापेक्षा आत जाऊन बसलेलं बरं, असं वाटून तो नुसताच उभा राहिला. शेवटी पोपटरावांना फोन झाला, त्यांनी सगळं उलगडून सांगितलं, तेव्हा हवालदाराचा चेहरा खुलला. "च्यायला, गोणपाट्या व्हय! मग तसं लिहा की. सातवा भाग तेवढा खाली नेऊ नका बरं का. उंटाचं काम लई नैसर्गिक झालंय." जाताना तो म्हणाला, "आन् त्यो खाजऱ्या एकदा माझ्या तावडीत घावायला पायजे." आत सुषमाच्या हातातून पातेलं पडल्याचा आवाज आला.

जागेवरून आणखी महिनाभर गेला. शिरूरकर दौंडला जाणार नाहीत, दौंडकर शिरूरला येणार नाहीत. शेवटी दोघांनाही सारखंच गैरसोयीचं म्हणून इनामगाव ठरलं. घोडनदीकाठचं गाव, तिथं तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांचे सांगाडे सापडलेले. त्या लोकांत वयानं मोठा माणूस मेला की त्याचे पाय घोट्यापासून कापून पुरायचे, परत येऊ नये म्हणून असं म्हणतात. पोपटरावांना ते कळल्यावर गहिवरून आलं. "आपल्या सिनेमावाल्यांनी एवढं एक केलं असतं," ते म्हणाले, "तर पहिल्याच भागात आटपलं असतं." गेल्या तीन वर्षांत ते एवढं एकच शहाणपणाचं बोलले.

रविवारी सकाळी दहाला मंदिराच्या सभामंडपात सभा. दहाला माणसं आली नऊ. गणपूर्ती नाही म्हणून मच्छिंद्रनं नियमाप्रमाणं सभा अर्धा तास तहकूब केली. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, हा दुसरा नियम. तेव्हा तीच नऊ माणसं त्याच सतरंजीवर अर्धा तास एकमेकांची तोंडं बघत बसली. साडेदहाला तीच सभा सुरू झाली, आणि अकरानंतर भज्यांचा वास सुटला तशी आणखी चाळीस माणसं आली. म्हस्कूआबाही गाडीत जागा होती म्हणून आले होते. खांबाला टेकून बसले.

दोन तास नुसतं वाजलं. दुसऱ्या भागातली काहील खरी की पत्र्याची, यावर दोघेजण बाह्या सारून उठले. आठव्या भागाची बाजू घेणारा एक इसम निघाला, त्याला बाकीच्यांनी पाणीसुद्धा दिलं नाही. संपतमामांनी पिशवीतून तोच हिरवा झेंडा काढून हलवला. शेवटी घसे बसले, तेव्हा मच्छिंद्र उठला आणि त्यानं आपली योजना मांडली. बिनविरोध. आळीपाळीनं. महिना-महिना.

 मग एकेक मान हलायला लागली. हे त्यांना कळत होतं. हे त्यांच्या रक्तातलं होतं.

"पन एका भागानं महिना झाल्यावर राजीनामा न्हाई दिला तर?" संपतमामा म्हणाले. "आमच्याकडचा सरपंच सव्वा वर्षांचा म्हनून बसला, त्येला आता चार वर्षं व्हतील."

"राजीनामे आगाऊ घ्यायचे," मच्छिंद्र म्हणाला. "आजच. प्रत्येक भागाच्या सूचकानं सही करायची."

आणि, देवाशपथ सांगतो, त्या शहाण्या माणसांनी नऊ सिनेमांचे नऊ राजीनामे लिहिले. 'मी, गोणपाट्या भाग दोन, प्रकृतीच्या कारणास्तव पहिल्या क्रमांकाचा स्वखुशीने राजीनामा देत आहे.' पाचव्याला सूचक मिळेना, म्हणून अध्यक्षांनीच 'विशेष बाब' म्हणून सही ठोकली. मच्छिंद्रच्या छातीवरचं ओझं उतरलं. शेवटचा नंबरच उरला नव्हता!

राहिला प्रश्न पहिल्या महिन्याचा. चिठ्ठ्या टाकायच्या ठरल्या. गोणपाटाची पिशवी आणली. मंडप झाडायला आलेल्या सोजराबाईंना हात घालायला सांगितलं. त्यांनी पदर सावरला, चिठ्ठी काढली, उघडली. लिहिलं होतं: पाच.

 मग जो गिल्ला झाला, त्यानं मंदिरावरची कबुतरं उडाली. पाचवा पहिला? खाजऱ्या एक नंबरला? पोपटराव आणि संपतमामा, ज्यांनी तीन वर्षांत एकमेकांचा चहा घेतला नव्हता, ते खांद्याला खांदा लावून उभे राहिले.

"अविश्वास ठराव!" पोपटराव गरजले. "सूचक मी."

"अनुमोदक मी," संपतमामा म्हणाले. "आन् अध्यक्षांनी पाचव्याची सही का केली, त्ये बी बघाया पायजे. ह्यांचं काय लागतंय पाचव्यात?"

"नियमानुसार," मच्छिंद्र म्हणाला, "पद ग्रहण केल्यापासून सहा महिने अविश्वास आणता येत नाही."

"नियम घाला चुलीत! आबा, तुमी तिसरं मानूस हाय. तुमीच बघा आन् सांगा, ह्ये पहिल्या नंबरचं हाय का." असं म्हणून पोपटरावांनी बरोबर आणलेला प्रोजेक्टर लावला, आणि मंडपाच्या चुन्याच्या भिंतीवर पाचव्या भागातला फड उभा राहिला.

मच्छिंद्र सभेकडं पाठ करून भिंतीपुढं उभा होता. आजवर त्यानं ते मोबाइलवर, चादरीत तोंड घालून बघितलं होतं. आता भिंतभर. पहिला मुडदा गेला. दुसरा मुडदा गेला. तिसरा आला, केवढा तरी मोठा, चोवीस वर्षांचा, डोक्यावर दाट केस. मच्छिंद्रला पाचटाची ती कूस सत्तावीस वर्षांनी पुन्हा टोचली, मुंगळे पुन्हा चढले. भिंतीवरच्या मुडद्याचा डावा हात हळूच उठला आणि पाठीमागून उजव्या कमरेकडं गेला.

आणि भिंतीपुढच्या मच्छिंद्रचाही गेला. तसाच. तेवढाच. अंगठ्यानं करकरून खाजवलं, आणि दोन्ही हात एकदम खाली आले.

 मच्छिंद्र वळला तेव्हा पन्नास माणसं एकदा भिंतीकडं आणि एकदा त्याच्याकडं बघत होती.

"आरं," म्हस्कूआबा खांबाला टेकून म्हणाले, "ह्यो तर आपला मच्छिंद्र. जित्ताच हाय की. मंग मेला कोन?"

"सचिव... तुमी?" पोपटरावांचा आवाज चिरकला.

मच्छिंद्रचा चेहरा लालबुंद झाला. पंचवीस वर्षं ज्याच्या तोंडून 'नियमानुसार'शिवाय शब्द निघाला नव्हता, तो माणूस ओरडला. "मुंगळे होते! लाल मुंगळे! वारूळ होतं खाली! तुम्ही पडा उघड्या अंगानं आणि दाखवा हलल्याशिवाय! झेंडा हलवून आठ सत्कार घेता, मी कातडी सोलून घेतली त्याचं स्टिकर करता? एकच सिनेमा केला मी. एकच! तोही काढून टाकायला निघालात!"

कुणाला लाज वाटली असेल, असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही चाहते ही जात ओळखत नाही. त्यांनी शिट्ट्या मारल्या. खिशातून मोबाइल निघाले. "सर, एक फोटो!" "सर, पालथं पडा ना!" "हात तसाच ठेवा सर, हात!" हवालदार साध्या वेशात मागच्या रांगेत बसला होता, तोही घुसला आणि म्हणाला, "घावला शेवटी!" कुठून तरी शाल आली, नारळ आला. शाल बहुधा संपतमामांच्या नवव्या सत्कारासाठी आणलेली असावी, कारण ती पांघरवताना मामांनी तोंड वाकडं केलं. टाळ्या झाल्या. पोपटरावांनी भाषण केलं, की असा कलावंत आपल्यात वावरत होता आणि आपण करंटे, आपल्याला कळलं नाही.

आणि मग, शालीची घडीही मोडली नव्हती तोवर, त्यांनी अविश्वास ठराव मताला टाकला. एकोणपन्नास विरुद्ध शून्य. आबांनी कशाला हात वर केला ते त्यांनाही माहीत नव्हतं. पाचवा भाग पहिल्यावरून थेट नववा आला आणि त्याच दमात रद्द झाला. "तुमच्याबद्दल काय न्हाई सचिव," पोपटराव त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मानूस म्हनून तुमी एक नंबर. पन सिनेमा भिकार हाय." आपल्याकडची रीतच आहे ती. आधी शाल घालायची, मग काढायचं. प्रोसिडिंगमध्ये 'ठराव सर्वानुमते मंजूर' हे मच्छिंद्रलाच लिहावं लागलं. त्याचं अक्षर फार सुंदर होतं.

दिवेलागणीला तो घरी आला. खांद्यावर शाल, हातात नारळ. त्याच्या आधी व्हिडिओ घरी पोचला असणार, हे त्याला माहीत होतं. सुषमा सूप पुढ्यात घेऊन मेथी निवडत बसली होती. मोबाइल शेजारी पालथा ठेवलेला. मच्छिंद्र पलंगाच्या कडेला बसला.

"तुला एक सांगायचंय," तो म्हणाला. "ते सिनेमातलं काम—"

"मुडद्याचं. माहिती हाय मला," सुषमा मान वर न करता म्हणाली. "आज न्हाई. लग्नाआधीपासनं."

मच्छिंद्रनं हातातला नारळ पलंगावर ठेवला.

"आमच्या गावच्या जत्रेत तंबूत लागला व्हता. मी आन् माझी चुलतबहीण मोनाली पुढंच बसलो व्हतो. मुडद्यानं खाजवलं तवा सगळा तंबू खोखो हसला. आन् चार महिन्यांनी तुम्ही बघायला आला. पोह्याची ताटली मांडीवर. तुमचे मामा म्हणाले, मुलानं सिनेमात काम केलंय. मी विचारलं कसलं, तर तुम्ही म्हणाला, कथेला वळण देणारं. आन् तुमचा डावा हात गेला की मागं! मोनालीनं आतनं मला असा चिमटा काढला, वळ उठला व्हता."

"आणि तरी तू हो म्हणालीस?"

"तरी न्हाई. म्हणूनच." तिनं एक पिवळी काडी बाजूला टाकली. "तुमच्या आधी दोन स्थळं येऊन गेली व्हती. एक म्हणालं, आमचा मुलगा दारूला शिवत न्हाई. वास पार पडवीपर्यंत. दुसऱ्यानं पहिली बायको लपवली व्हती. म्हटलं, ज्याला नुसतं पडून मेल्याचं सोंग जमत न्हाई, त्यो माणूस जल्मात मला काय फसवणार? तुम्ही काय बी लपवाया लागला की मला मागून दिसतं."

मच्छिंद्रला हसावं की रडावं कळेना. एवढ्या वर्षांची सगळी भांडणं त्याच्या डोळ्यांपुढून गेली. 'आम्ही कलाक्षेत्रात असतो तर' म्हणताना दर वेळी आपला हात कुठं होता, ते आठवून त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्यानं विचारलं, "मग... तुझ्या मते पाचवा भाग कितवा?"

"शेवटचा," सुषमा म्हणाली. "एवढा भिकार सिनेमा मी दुसरा पाहिला न्हाई."

 मच्छिंद्रनं शाल काढून उशाशी ठेवली, आणि त्याचा डावा हात पाठीमागं जायला लागला.

"सरका इकडं," सुषमा म्हणाली. "तिथवर हात नीट पुरत न्हाई तुमचा. कवापासनं बघतेय." आणि तिनं पुढ्यातलं सूप बाजूला सारून त्याच्यासाठी जागा केली.